वाकडे अंगण आणि पाच कारणे

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की तिच्यात एक तात्त्विक निकाल आधीच देऊन टाकलेला आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. कृती फसली तर दोष कर्त्याचा, आणि जागेकडे किंवा साधनाकडे बोट दाखवणे ही पळवाट, असा तो निकाल होय. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी जी पाच कारणे मोजली आहेत, त्यांत पहिला मान अंगणालाच मिळाला आहे. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर कृती घडते ती जागा, मग कर्ता, मग करण, म्हणजे ज्याच्या योगे कृती साधते ते साधन, मग चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि पाचवे दैव, असा तो क्रम आहे, आणि या पाचांचा विचार न करता जो एकट्या स्वतःला कर्ता मानतो त्याची समज कच्ची आहे, असेही तिथेच पुढे म्हटले आहे. म्हण आणि गीता यांच्यातला हा तंटा युद्ध, राज्यकारभार किंवा एखाद्याचे उभे आयुष्य अशा मोठ्या उदाहरणांवर सोडवू गेले तर पाचही कारणे एकमेकांत अशी गुंततात की कोणते कुठे संपले हे सांगता येत नाही. त्यापेक्षा उदाहरण लहान असावे, चारी बाजूंनी बंद असावे आणि त्याचा प्रत्येक भाग कोणाच्या तरी हातांनी केलेला असावा. जुन्या धाटणीच्या व्हिडिओ गेमचे घरी बांधलेले कपाट, आणि त्यातही त्याचा नियंत्रण-फलक, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणे जिच्यावर बसवलेली असतात ती उतरती फळी, हे असे उदाहरण आहे.

हे कपाट मूळचे घरातले नव्हे. १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' आल्यानंतर नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा धंदा जगभर पसरला आणि महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावांत त्याचा भर १९९० च्या दशकात आला. अरुंद गाळ्यातली दोन-चार कपाटे, काउंटरवर विकत मिळणारा कॉइन, आणि कॅपकॉम कंपनीच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या १९९३ सालच्या खेळाला त्यातल्या एका पात्रावरून पडलेले 'मुस्तफा' हे नाव, एवढ्या खुणांवर त्या पिढीला तो काळ ओळखता येतो. आज तेच कपाट घरी उभे करायचे तर आत रास्पबेरी पाय यासारखा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली, एवढे पुरते. 'मेम' हा अशा आज्ञावल्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रकल्प १९९७ साली सुरू झाला. मलकापूर हे नळगंगेच्या काठचे, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे आणि कापसाच्या व्यापारावर वाढलेले बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तिथे कोणी हे काम हाती घेतले तर प्लाय, सनमायका आणि सुतार गावातच मिळतात, जॉयस्टिक, बटणे आणि सर्किट तेवढे कुरिअरने मागवावे लागते. पडद्यावरच्या एका उडीची कारणे अशी वेगवेगळ्या गावांहून येऊन एका फळीवर जमतात.

या विषयासाठी मराठीने शब्द आधीच तयार ठेवला आहे. कळ म्हणजे दाबायचा खटका, आणि त्यावरून कळफलक आला. कळ म्हणजे अंगात उठणारी वेदनाही, आणि कळ काढणे म्हणजे भांडण उकरणे. 'खटका' या शब्दाचीही हीच गत आहे, तो दाबलाही जातो आणि दोघांत उडतोही. या सर्व अर्थांचे मूळ एकच आहे असा दावा करण्याचे कारण नाही, पण थोड्याशा स्पर्शाने बरेच काही सुरू होते अशा ठिकाणी भाषा पुन्हा पुन्हा याच शब्दांकडे वळते, हे नोंदवण्याजोगे आहे. कर्तृत्वाच्या चर्चेत आजवर जी प्रतिमा सर्वाधिक वापरली गेली तीही याच घराण्यातली, कळसूत्री बाहुलीची. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने जपलेल्या बाहुल्यांच्या खेळात दोरी सूत्रधाराच्या बोटापासून बाहुलीच्या हातापर्यंत सलग जाते, त्यामुळे बोट जितके हलेल तितका हात हलतो, बोट थरथरले तर हातही थरथरतो. ज्ञानेश्वरीतही सायखड्याच्या बाहुल्याची, म्हणजे सूत्राने चालणाऱ्या बाहुलीची, प्रतिमा येते, आणि भक्ताने आपले कर्तेपण देवाच्या किंवा गुरूच्या हाती सोपवण्याच्या भावनेला ती चपखल बसते, कारण तिथे हलवणारा आणि हलणारा यांच्यात अंतर उरत नाही. नियंत्रण-फलकात मात्र ही दोरी मध्येच तुटलेली आहे. बोट आणि पडद्यावरचे पात्र यांच्यामध्ये एक फळी, काही तारा आणि एक चिप येते, आणि बोटाच्या हालचालीतले त्या वाटेने पलीकडे काय पोचते व काय अलीकडेच राहते हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले असते. जुन्या प्रतिमेत न मावणारा प्रश्न या तुटीत आहे.

आधी फळी. ती बहुधा १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायची असते, आणि तिच्यावरचा पहिला निर्णय कागदावर घेतला जातो. बांधणारा कागदावर स्वतःचा तळहात सैल ठेवतो, बोटांच्या टोकांशी पेन्सिलीने ठिपके देतो, आणि मधले बोट लांब व करंगळी आखूड असल्यामुळे बटणांची ओळ सरळ न येता कमानदार येते. सामान्य बटणाला ३० मिलिमीटर व्यासाचे भोक लागते. ते होल सॉने, म्हणजे दातेरी कडेच्या पेल्यासारख्या पात्याने, पाडताना मधल्या ड्रिलचे टोक खालून दिसू लागले की सुतार थांबतो, फळी उलटी करतो आणि उरलेले भोक मागून पूर्ण करतो, नाहीतर सनमायक्याची कड उडते. जॉयस्टिकची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण १८ मिलिमीटर लाकूड मध्ये आले की तिचा दांडा वर पुरेसा येत नाही, म्हणून फळीच्या पोटातून जागा कोरून तिथली जाडी कमी करावी लागते. ही सगळी कामे झाली की खेळणाऱ्याच्या वाट्याला येणारे जग जवळपास ठरून जाते. बांधणाऱ्याचा हात मोठा असेल तर बटणे दूर दूर पडतात, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या करंगळीला शेवटचे बटण कायमचे परके राहते.

फळी उलटी केली की अधिष्ठानाचा दुसरा थर दिसतो. प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो, म्हणजे आत ताणलेली पातळ पत्ती असलेली छोटी डबी. बटण ठरावीक अंतर खाली गेले की पत्ती एका झटक्यात बाजू बदलते आणि 'टक्' असा आवाज होतो. खेळणारा रागाने दाबो की हलकेच, पत्तीला त्या अंतरापलीकडचे काही कळत नाही. बौद्ध विचाराने कर्माचे सार चेतनेत, म्हणजे हेतूत, मानले. मायक्रोस्विच हा अगदी विरुद्ध टोकाचा पंथ म्हणावा लागेल, कारण त्याच्या लेखी हेतूला वजनच नाही. जोडणी करताना एक तार प्रत्येक बटणाच्या एका पायाला लावत लावत माळेतल्या दोऱ्यासारखी सगळ्यांतून फिरवली जाते, तिला ग्राउंड म्हणतात. दुसऱ्या पायापासून प्रत्येक बटणाची स्वतंत्र तार एन्कोडरकडे, म्हणजे दाबाचे संगणकाला समजणाऱ्या संकेतात रूपांतर करणाऱ्या सर्किटकडे, जाते. या स्वतंत्र तारांवर एन्कोडर स्वतःच विजेचा थोडा दाब कायम धरून ठेवतो, आणि बटण दाबले की ती तार ग्राउंडला मिळून तो दाब ओसरतो. खेळणाऱ्याला वाटते की आपण काही धाडले. प्रत्यक्षात जे अडवून धरलेले होते त्याला त्याने वाट करून दिलेली असते. सर्किटला जे समजते तो एक अभाव असतो, आणि अभाव हाही ज्ञानाचा विषय होणारा स्वतंत्र पदार्थ मानणाऱ्या उत्तरकालीन वैशेषिकांना याचे नवल वाटले नसते.

त्यातही आणखी एक गुंता आहे. धातूचे दोन तुकडे भिडताना काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे एका दाबात संपर्क अनेकदा जुळतो आणि तुटतो. ही थरथर सोडून देऊन सगळ्याचा मिळून एकच दाब धरायचा, अशी सूचना एन्कोडरमध्ये आधीच लिहिलेली असते. एक कर्म कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हा कर्मविचारातला अवघड प्रश्न इथे खेळणारा येण्यापूर्वीच निकालात निघालेला आहे. आणि ग्राउंडच्या माळेतली एक जोडणी सैल झाली की तिच्यापुढची सगळी बटणे एकदम मुकी होतात. अशा वेळी खेळणारा बटणाला दोष देतो तेव्हा म्हण त्याला हसते, पण अंगण खरोखरच वाकडे असते.

आता गीतेच्या टीकाकारांकडे वळता येईल. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता म्हणजे उपाधींशी, म्हणजे चिकटलेल्या बाह्य विशेषांशी, एकरूप झालेला जीव, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणांचे व्यापार, आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, जसा डोळ्याचा आदित्य. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत बहुतांशी हीच वाट धरली आहे. रामानुजाचार्यांनी दैव या शब्दाने अंतर्यामी परमात्मा घेतला. दोन्ही अर्थांमागे एक गृहीत समान आहे, ते असे की पाचवे कारण माणसाच्या पातळीवरचे नाही. फलकाकडे पाहिले की या गृहीताला तडा जातो. बटणांच्या जागा, त्यांची संख्या, त्यांच्यातले अंतर या गोष्टी खेळणाऱ्याच्या दृष्टीने त्याच्या आधी ठरलेल्या, त्याला न विचारता ठरलेल्या आणि त्याच्याकडून न बदलणाऱ्या आहेत, म्हणजे दैवाला लोकव्यवहारात जी लक्षणे लावली जातात ती सगळी त्यांना लागू पडतात. आणि तरीही त्या कोणा देवतेने ठरवलेल्या नसून होल सॉ हातात धरलेल्या एका माणसाने ठरवलेल्या आहेत. गीतेची यादी एका कर्मापुरती वाचली तर पाच कारणे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. पण कर्मे एकमेकांवर रचलेली असतात हे ध्यानात घेतले की एकाचे दैव ही आधीच्या दुसऱ्या कोणाची चेष्टा होती असे आढळते. मराठीत चेष्टा या शब्दाला थट्टा असा दुसरा अर्थ आला आहे, आणि तोही इथे अगदीच गैरलागू नाही.

यावर असे म्हणता येईल की मग बांधणाऱ्याने कमीत कमी बंधने ठेवावीत म्हणजे झाले. हा सल्ला वाटतो तितका शहाणपणाचा नाही. जॉयस्टिकच्या तळाशी गेट नावाची एक चकती असते आणि तिच्या मधल्या छिद्राच्या आकारावर दांडा कोणकोणत्या दिशांना जाऊ शकतो हे ठरते. १९८० साली नामको कंपनीने काढलेल्या 'पॅक-मॅन' या खेळात चारच दिशा आहेत आणि त्यासाठी चार दिशांचेच गेट लागते. त्या जागी आठ दिशांची जॉयस्टिक बसवली तर वळणावर दांडा दोन दिशांच्या मध्ये कुठेतरी विसावतो, खेळाला त्या तिरप्या दिशेचा अर्थ लागत नाही, आणि वळण चुकते. दिशा वाढल्या आणि हुकमत कमी झाली. याच खेळात पाठलाग करणाऱ्या भुतांचे वागणे नियमांनी इतके बांधलेले आहे की मूळ यंत्रावर तीच वळणे त्याच क्षणांना घेतली तर भुतेही पुन्हा तशीच फिरतात, आणि म्हणून पट्टीच्या खेळाडूंनी संपूर्ण वाटा पाठ केल्या. सर्व काही पूर्वनियत असलेल्या जगात माणसाच्या करण्याला काय अर्थ, असा जो आक्षेप नियतिवादावर नेहमी घेतला जातो, त्याला इथे वेगळेच उत्तर मिळते: भुते मन मानेल तशी फिरली असती तर शिकण्यासारखे काही उरलेच नसते. प्रश्न बंधन आहे की नाही हा नाही, ते कोणत्या क्रियेच्या मापाचे आहे हा आहे.

मापात बसवलेल्या बंधनाचे याहून गंभीर उदाहरण मलकापूरच्या लोकांच्या रोजच्या वाटेवर आहे. वऱ्हाडच्या कापसाच्या पट्ट्यातून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला, आणि मलकापूर हे त्या मार्गावरचे स्थानक. जुन्या केबिनमध्ये सांधे आणि सिग्नल हलवण्यासाठी ओळीने उभे असलेले लोखंडी खटके हाही एक नियंत्रण-फलकच होता, आणि त्याचा प्राण होता इंटरलॉकिंग, म्हणजे खटक्यांना एकमेकांशी असे अडकवणे की सांधा एका रुळाकडे असताना दुसऱ्या रुळाचा सिग्नल ओढताच येऊ नये. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्स्बी यांनी अशा रचनेचे पेटंट १८५६ साली घेतले. पुढे भारतीय रेल्वेत जे विजेचे पॅनेल आले त्यांत मार्ग लावण्यासाठी सिग्नलचे बटण आणि मार्गाचे बटण ही दोन्ही एकाच वेळी दाबावी लागतात, जेणेकरून चुकून लागलेल्या एका हाताने गाडी सुटू नये. केबिनमधल्या माणसाला चुकीचा खटका ओढता येत नाही म्हणून त्याचे कर्तृत्व कमी झाले असे कोणी म्हणत नाही. गाडी सुखरूप गेली तर ते श्रेय त्याचेही असते आणि ज्याने तो खटका अडवून ठेवला त्याचेही. या दुसऱ्याला गाडी कधी दिसतही नाही. पॅनेल बांधणारा आपल्या कृतीचे फळ पाहायला जागेवर नसतो, आणि त्यामुळे फळाची आसक्ती न ठेवता कर्म करण्याचा उपदेश त्याला तरी विशेष जड जाऊ नये.

भाषाशास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. पाणिनीने कर्त्याची व्याख्या स्वातंत्र्यावर केली, म्हणजे क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि क्रियेला सर्वांत अधिक साधक ते करण. पण लगेच पुढच्या सूत्रात त्याने कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्ता हीच संज्ञा दिली आणि वर हेतू ही आणखी एक जोडली. मराठीतील 'कर्ता करविता' ही जोडी याच विचाराची वारसदार आहे, फक्त तिथे करविता म्हणजे देव हे ठरून गेले आहे. खेळणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र व्याकरण वेगळेच वळण घेते. पडद्यावरचे पात्र पडले की खेळणारा 'मी मेलो' म्हणतो, 'तो मेला' असे सहसा म्हणत नाही; पात्र, बोट आणि मधला फलक हे सगळे त्या एका सर्वनामात सामावलेले असते. उडी चुकली की तोच म्हणतो, 'बटण दबलंच नाही', आणि सर्वनामाच्या आत असलेला फलक एका क्षणात बाहेर पडून परका होतो. सांख्य दर्शनात पुरुष आणि प्रकृती यांचे नाते सांगताना पांगळा आणि आंधळा यांची जोडी घेतात, एकाला दिसते पण चालता येत नाही, दुसऱ्याला चालता येते पण दिसत नाही. कपाटापुढे उभा असलेला आणि पडद्यातला यांना ही उपमा लागू पडते, पण पांगळ्याने आंधळ्याच्या खांद्यावर बसायचे तर खांदा लागतो, आणि त्या खांद्याचा हिशोब उपमेत कोणी ठेवलेला नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाही. कर्तृत्व असे वाटून टाकले तर जबाबदारी कोणाचीच उरणार नाही, आणि प्रत्येक आळशी नाचणाऱ्याच्या हाती गीतेचा दाखला येईल. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, कारण कर्माच्या साखळीत माणसाला जागा कुठे, या प्रश्नाला बगल देऊन कर्मयोग सांगता येत नाही. फलकाच्या उदाहरणापुरते उत्तर असे देता येते की पाच कारणे ही पाच भागीदारांची पेढी नव्हे, की एकाचा हिस्सा वाढला म्हणजे दुसऱ्याचा घटावा. फलक चांगला निघाला म्हणून खेळणाऱ्याचे कौशल्य कमी ठरत नाही आणि बटण अडकते म्हणून त्याचा आळस माफ होत नाही. वाढते ती फक्त नावांची यादी, आणि तिच्यात अशा माणसाचे नाव येते ज्याला म्हणीने कधी विचारलेच नव्हते, तो म्हणजे अंगण सारवणारा.

खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे पुसून, मांडून त्यांची पूजा करण्याची महाराष्ट्रातील चाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुताराचा रंधा आणि करवत, गिरणीचे यंत्र, ट्रॅक्टरचे स्टिअरिंग यांना त्या दिवसांत हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल मिळते. अवजारात जीव आहे अशी समजूत त्यामागे असेलच असे नाही. करण या तिसऱ्या कारणाला वर्षातून एकदा त्याच्या वाट्याचे देणे पोचवले जाते, असाही तिचा अर्थ लावता येतो. नियंत्रण-फलकही त्या पाटावर शोभेल, मात्र जॉयस्टिकच्या गोट्याला कुंकू लावणाऱ्याला फलकाची वरची बाजूच दिसते, आणि पूजेला पात्र असलेले बहुतेक सगळे खालच्या बाजूला असते.

घरच्या कपाटात अनेक खेळ असतात, म्हणून फलकावर १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर २' ला लागतात तेवढी, म्हणजे प्रत्येक खेळाडूमागे सहा, बटणे बसवण्याची रीत आहे. 'मुस्तफा'ला त्यांतली दोनच लागतात, एक मारण्याचे आणि एक उडीचे. उरलेल्या चारांच्या तारा खाली एन्कोडरपर्यंत व्यवस्थित पोचलेल्या असतात, एन्कोडर त्यांचा दाब इमानाने पुढे कळवतो, फक्त त्या खेळात त्यांना कोणी काही अर्थ दिलेला नसतो. हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. पहिल्यांदा खेळायला उभे राहिलेले मूल संकट आले की सहाही बटणे दोन्ही हातांनी दाबत सुटते, आणि सहाही बटणांचा 'टक्' असा आवाज त्याला सारखाच ऐकू येतो.